मान वर झाली की मागे ये

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. सड्यावरून, त्या कातळाच्या माळावरून उतरून व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत रोज सकाळी चालत जातेस, धनेश काही दिसत नाही, दिसतात त्या वाडीतल्या म्हशी आणि त्यांच्या मागचे बगळे. तेव्हा कर्ज काढून कॅमेऱ्यासाठी दूरचे टिपणारे ६०० मिमीचे भिंग घ्यावे की हा नाद सोडून द्यावा, असे विचारतेस. दोन्ही करू नकोस.

मला पत्रापेक्षा छायाचित्रांनी अस्वस्थ केले. त्यांतली एकूण एक म्हैस तुझ्याकडे रोखून पाहते आहे, कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, तोंडातला चारा तसाच लोंबतो आहे. चरणाऱ्या जनावराने मान वर केली की एक पाऊल मागे यायचे, आणि ते पुन्हा चरू लागेपर्यंत कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही. बाकी सारे तू कुठूनही शिकशील. हे मात्र माझ्याकडून शीक.

म्हशीचे काही बिघडत नाही, असे तू म्हणशील. पण तिच्यापाशी लागलेली सवय तू सड्यावर नेशील. तिथे उन्हाळ्यात टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते, बहुधा चार, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची, पायाशी असली तरी न दिसणारी. तापलेल्या दगडावर ती उबवण्यापेक्षा थंड राखण्याचीच पंचाईत असते. म्हणून टिटवी त्यांच्यावर सावली धरून उभी राहते, पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते. तू जवळ गेलीस की ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालणार, तुला उडत्या पक्ष्याची झकास चौकट मिळणार, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात राहणार. धनेशाचे तर विचारूच नकोस. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फटीएवढीच जागा उघडी ठेवते. पुढे काही आठवडे तिचे आणि पिल्लांचे पोट नराच्या चोचीवर. झाडाखाली माणूस दिसला तर तो फळे घेऊन दूरच्या फांदीवर बसून राहतो. अशा वेळी ६०० मिमीचे भिंग असले तरी पाऊल मागेच यायला हवे. ज्याला म्हशीपुढे मागे येता येत नाही, तो ढोलीखालून मागे येईल यावर माझा विश्वास नाही.

आता भिंगाचे. तुझ्या कॅमेऱ्याचा संवेदक (सेन्सर) लहान आहे, त्यामुळे २५० मिमीचे तुझे भिंग ४०० मिमीच्या आसपासची चौकट देते. गुरांना, बांधावरच्या बगळ्यांना, दगडी गडग्यावरच्या भारद्वाजाला ते भरपूर झाले. तुझी खरी अडचण प्रकाशाची आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. म्हशीने चौकट भरली की तो प्रकाश वाढवतो, मग म्हैस धुरकट होते आणि तिच्या पाठीवरचा गायबगळा म्हणजे नुसता चुन्याचा गोळा. एक्स्पोजर एक स्टॉप कमी ठेव, म्हणजे प्रकाश निम्मा होईल, आणि रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेली मूळ फाईल घे. काळ्यातला तपशील पुष्कळसा उजळता येतो. पांढऱ्यात जळून गेलेला परत येत नाही. मृगाच्या सुमारास त्याच बगळ्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी पिसे असतात. ती सुटी सुटी दिसली पाहिजेत. आणि गुरे कोणाची आहेत ते आधी विचार. नुकत्याच व्यालेल्या गाईला दृष्ट लागेल म्हणून कोणी नको म्हटले, तर वाद घालू नकोस.

माझी गुरांची छायाचित्रे एका प्रदर्शनाने ‘विषयात नावीन्य नाही’ म्हणून परत पाठवली होती. राग अजून गेलेला नाही, हे खरे. माझ्या कपाटात एकही ढाल नाही, आणि लोकांना वाटते की मला जवळ जायला जमले नाही म्हणून मी हे तत्त्व काढले. वाटू दे. कोकण कपिला आज गाईची स्वतंत्र जात म्हणून नोंदलेली आहे. ती ठेंगणी, काटक, डोंगरउतारावर सहज चढणारी गाय आमच्या गोठ्यात होती, तेव्हा तिला कोणी ढुंकून पाहत नव्हते. पॉवर टिलर आले, बैलांची जोते गेली, मळे पडीक पडले. त्या गुरांची धड छायाचित्रे आमच्या वाडीत फारशी कोणाकडे नाहीत. माझ्याकडची थोडी आहेत, आणि तेवढ्याने माझे समाधान होत नाही. तू मात्र घरासमोर चरणारी जनावरे सोडून धनेशासाठी कर्ज काढायला निघालीस!

पुढच्या वेळी निवडक पाठवू नकोस. एका सकाळच्या सगळ्या फाईली, काढल्या त्या क्रमाने, काही न पुसता पाठव. कितव्या चौकटीत म्हशीने मान वर केली आणि त्यानंतर तू काय केलेस, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
काका