नवं लहान इंजिन की वापरलेलं मोठं? जोमदार एसयूव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. घरात आम्ही दोघं, ९ आणि ४ वर्षांची मुलं आणि सासूबाई. गाडी ऑटोमॅटिकच हवी. रोजचं धावणं पंधरा-वीस किलोमीटर, पण महिन्यातून एकदा आंबा घाट उतरून साखरप्याजवळच्या गावी जातो. सगळं धरून १७ लाखांच्या आत बसायला हवं. एवढ्यात १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाची नवी फोक्सवॅगन टायगुन येते. १.५ टीएसआय, डीएसजी (दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची दोन वर्षं वापरलेली टायगुनही पाहिली आहे. ती २४ हजार किलोमीटर चालली आहे आणि मालक १५ लाख ४० हजार मागतोय. काय करावं?

उत्तर : तुमच्यासमोर एकाच कवचातल्या दोन वेगळ्या गाड्या आहेत, हे आधी लक्षात घ्या. १.० लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन ११५ पीएस ताकद आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं. १.५ चं चार सिलिंडरचं इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. पाच माणसं, डिकीभर सामान आणि एसी चालू ठेवून घाट चढताना हा फरक पहिल्याच वळणाला कळतो. लहान इंजिन कमी पडत नाही, पण ओव्हरटेक करायला रिकामा रस्ता जरा जास्त लांब लागतो.

खरी मेख गिअरबॉक्समध्ये आहे. १.० ला टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक आहे. तो शहरातली रांग निमूटपणे सोसतो. १.५ चा सात गिअरचा डीएसजी कोरड्या दुहेरी क्लचचा आहे. सिग्नलच्या रांगेत गाडी इंच-इंच सरकते तेव्हा क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो आणि तापतो. तेलात बुडालेला नसल्यामुळे ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणजे तुमचं रोजचं कोथरूड या गिअरबॉक्सला नकोसं आणि महिन्याचा आंबा घाट या इंजिनाला हवासा. वॉरंटी संपल्यावर क्लच किंवा मेकॅट्रॉनिक युनिटचं (गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचं) काम निघालं, तर खर्च लाखाच्या घरात जातो.

म्हणून पहिला प्रश्न, गाडी किती वर्षं ठेवणार? आठ-दहा वर्षं ठेवण्याचा विचार असेल तर नवी १.० ऑटोमॅटिक घ्या, मनात शंका ठेवू नका. चार-पाच वर्षांत बदलणार असाल तर वापरलेली १.५ जरूर बघा, पण मागितलेल्या भावाला नाही.

भाव कसा ठरवायचा? मालकाच्या जुन्या बिलावरून तर मुळीच नाही. त्याच प्रकारच्या नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत हाच पाया. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब, १.५ लिटरपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्क्यांचा कर ४० टक्क्यांवर आला. त्यामुळे एक्स-शोरूम किंमत साधारण साडेतीन टक्क्यांनी उतरली. १८ लाखांच्या गाडीत हे ६० हजारांहून जास्त होतात. ज्यांनी त्याआधी गाडी घेतली त्यांचे ते पैसे गेले. ते तुम्ही भरून द्यायचे नाहीत.

उदाहरणापुरती एक्स-शोरूम किंमत १८ लाख धरू. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रस्ताकर, म्हणजे २ लाख १६ हजार. १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने वसूल केलेला आगाऊ प्राप्तिकर) १८ हजार, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परत मागता येतो. विमा साठ-सत्तर हजार धरा. गाडी २१ लाखांच्या आसपास जाते. यातले रस्ताकर आणि विम्याचे जवळजवळ पावणेतीन लाख पहिल्याच दिवशी खर्ची पडतात, विकताना कोणी त्यांचा वेगळा भाव देत नाही. दोन वर्षांची गाडी या २१ लाखांपेक्षा किमान चतुर्थांशाने स्वस्त असावी, म्हणजे १५ लाख ७५ हजारांच्या आत. हा आमचा ढोबळ नियम. तुमची गाडी या रेषेच्या जेमतेम आत आहे, पण हस्तांतर, विमा, पहिली सर्व्हिस आणि कदाचित टायर यांचे सव्वा लाख त्यात मिळवायचे आहेत. साडेचौदाच्या वर जाऊ नका.

कर्ज काढणार असाल तर आणखी एक हिशेब करा. वापरलेल्या गाडीचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो. १० लाख, पाच वर्षं, ९ टक्के दराने हप्ता २०,७५८ रुपये येतो. १२.५ टक्क्यांनी २२,४९८. पाच वर्षांत एक लाखाहून जास्त फरक पडतो, आणि घासाघीस करून कमावलेली सूट तिथे निघून जाते. निम्म्याहून जास्त रक्कम रोख असेल तरच वापरलेल्या गाडीचं गणित नीट जमतं.

शेवटचं, मागची सीट. टायगुन मागे तिघांसाठी अरुंद आहे. धाकट्याची चाइल्ड सीट आयसोफिक्सवर (सीटमधल्या पक्क्या खाचांवर) बसवली की उरलेल्या जागेत थोरला आणि सासूबाई. आंबा घाटापर्यंतचे पाच तास तसे जातील का, हे शोरूममध्ये कळतं. स्वतःची चाइल्ड सीट आणि सासूबाई, दोघींना सोबत न्या. गाडीची तक्रार सुरक्षिततेबाबत मात्र नाही. चाकणला बनणाऱ्या टायगुन आणि तिची जुळी बहीण स्कोडा कुशाक या दोन्हींना ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच तारे मिळाले आहेत.

प्रश्न : टर्बो पेट्रोल आणि डीसीटी (दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स) असलेली वर्ष-दीड वर्षाची गाडी बघायला जाणार आहे. मेकॅनिक सोबत असेल, पण मी स्वतः काय काय बघावं? (नाशिक)

उत्तर : वेळ सकाळची घ्या आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. थंड इंजिन सुरू करताना जे कळतं ते नंतर कळत नाही. सुरुवातीचे काही सेकंद साखळीसारखा खडखडाट येतो का, एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो का, ते बघा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. थंडीत पांढरी वाफ येणं साहजिक आहे, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर गोडसर वासाचा येत राहिला तर कूलंट आत जातंय. कूलंटच्या टाकीतली पातळी खुणांच्या मध्ये असावी. तिथे कोणी नळाचं पाणी ओतलं असेल तर रंग फिका पडलेला दिसतो.

आता गिअरबॉक्स. सपाट जागी डी मध्ये टाकून ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. गाडी गुळगुळीत सरकायला हवी, थरथरत नको. मग चढावर पहिल्यातून दुसऱ्यात अगदी हळू जाऊ द्या. दुहेरी क्लचची झीज इथे थरकाप होऊन दिसते. चढावरच थांबून रिव्हर्स घ्या. ही चाचणी बहुतेक जण करत नाहीत, पण रिव्हर्समध्ये क्लचवर बराच ताण येतो आणि दुखणं लपत नाही. वीस मिनिटं गर्दीत चालवून हे सगळं पुन्हा करा, कारण क्लच तापल्यावर वागणूक बदलते. १.५ टीएसआय असेल तर हलक्या पायाने चालवताना दोन सिलिंडर बंद होतात आणि किंचित घरघर जाणवते. तो बिघाड नव्हे.

ओबीडी स्कॅनर (गाडीतल्या बिघाडांच्या नोंदी वाचणारं यंत्र) जोडून सगळी मॉड्यूल वाचून घ्या, फक्त इंजिनाचं नको. नुकतेच बिघाडाचे कोड पुसले असतील तर स्कॅनरवर गाडीच्या स्व-तपासण्या (रेडिनेस) अपुऱ्या दिसतात. तसं दिसलं तर ती गाडी सोडून द्या.

जोमदार गाड्यांत एक धोका साध्या गाड्यांपेक्षा मोठा असतो, तो म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक) रीमॅप. ताकद वाढवण्यासाठी सॉफ्टवेअर बदलायचं आणि विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकायचं. गाडी बाहेरून तशीच दिसते, पण क्लच आणि टर्बोने वाढीव टॉर्क सोसलेला असतो आणि कंपनीला ते कळलं तर वॉरंटी जाते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर देऊन विचारा : वॉरंटीची सुरुवात कधी, ती अजून लागू आहे का, प्रत्येक सर्व्हिस वेळेवर झाली का, गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का. एक सर्व्हिस बाहेर झालेली असेल तर तेल कोणतं घातलं त्याचं बिल मागा. टर्बो इंजिनात चुकीच्या ग्रेडचं तेल ही किरकोळ बाब नाही.

टायरच्या कडेवर चार आकडी कोड असतो. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. दीड वर्षाच्या गाडीचे चारही टायर एकाच सुमाराचे हवेत. पुढचे दोन बदललेले असतील तर कारण विचारा. वीस हजारांत पुढचे टायर संपले असतील तर चालवणारा कसा होता ते कळतं. मोठ्या रिमवरच्या कमी उंचीच्या टायरमध्ये खड्ड्याने रिम वाकण्याची शक्यता जास्त, म्हणून हायवेवर ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं का ते पाहा.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. स्टेपनीच्या खळग्यात बारीक गाळ, सीटखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट गंज, कार्पेटखाली कुबट वास, हे सगळं बघा. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं होतं. त्या सुमाराची त्या भागातली गाडी असेल तर विम्याच्या दाव्यांचा इतिहास हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका.

प्रश्न : डीलर शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी 'जवळजवळ नवी' म्हणून दीड लाख कमी करून देतोय. ६ हजार किलोमीटर. घ्यावी का? (ठाणे)

उत्तर : दीड लाखात नको. डेमो गाडी डीलरच्या नावावर नोंदलेली असते, म्हणजे आरसीवर तुम्ही दुसरे मालक. वॉरंटीचं घड्याळ नोंदणीच्या दिवसापासून धावतंय. आणि ते ६ हजार किलोमीटर शेकडो वेगवेगळ्या पायांनी केलेले, बरेचसे थंड इंजिनावर, 'पिकअप बघू' म्हणून. वर्षाच्या आतली डेमो गाडी आजच्या ऑन-रोडपेक्षा १५ टक्के तरी खाली असावी. त्याऐवजी डीलरकडे गेल्या वर्षी बनलेली, न विकलेली, न नोंदलेली गाडी आहे का ते विचारा. ती घेतलीत तर पहिले मालक तुम्हीच. फक्त चॅसिस नंबरवरून बनल्याचा महिना बघा, बॅटरी तपासून घ्या आणि महिनोन् महिने एका जागी उभी राहून टायर चपटे पडले नाहीत ना ते चालवून पाहा.

प्रश्न : ह्युंदाईची क्रेटा एन लाइन साध्या टर्बो क्रेटापेक्षा खरंच वेगवान आहे का? (म्हापसा)

उत्तर : इंजिन तेच, १.५ टर्बो, १६० पीएस. मार्च २०२४ मध्ये आलेल्या एन लाइनमध्ये सस्पेन्शन कडक आहे, स्टिअरिंग जड आणि एक्झॉस्टचा आवाज वेगळा. सहा गिअरचा मॅन्युअलही मिळतो, जो साध्या टर्बो क्रेटात नाही. मॅन्युअल हवा असेल तर एन लाइन, नाहीतर साधी टर्बो घ्या. १८ इंची चाकांवर पावसाळ्यातले गोव्याचे अंतर्गत रस्ते रोज अंगाला लागतील.

प्रश्न : वापरलेली गाडी ठरली. मालकाचं कर्ज अजून चालू आहे. कागदपत्रांचा क्रम काय? (कोल्हापूर)

उत्तर : उरलेली रक्कम मालकाच्या हातात देऊ नका, थेट त्याच्या कर्जखात्यात भरा आणि बँकेची पावती घ्या. मग बँकेकडून ना-हरकत पत्र आणि बँकेचा शिक्का-सही असलेला फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा). हस्तांतरासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. तुम्हीही कर्ज घेत असाल तर नवी नोंद चढवायचा फॉर्म ३४. मूळ आरसी, विमा आणि पीयूसी जोडायचं. त्याआधी ई-चलानची थकबाकी बघा, ती राहिली तर हस्तांतर अडतं.

विम्यात बरेच जण फसतात. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, तुमच्या स्वतःच्या गाडीचं येत नाही. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर मिळत नाही, त्यामुळे तुमचा हप्ता त्याच्या पावतीवरच्यापेक्षा जास्तच येणार. तुमच्या आधीच्या गाडीचा बोनस शिल्लक असेल तर ती विकताना कंपनीकडून तसं पत्र घ्या आणि इथे लावा.

बनल्याचा महिना एप्रिल २०२३ नंतरचा असू द्या. तेव्हापासूनच्या गाड्यांचे इंधनमार्गातले भाग २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारे आहेत, आणि आता पंपावर तेच पेट्रोल मिळतं. कोल्हापूरला शेजारच्या राज्याच्या नंबरची गाडी स्वस्तात येते, पण इथे नोंदवताना महाराष्ट्राचा रस्ताकर नव्याने भरावा लागतो आणि तिकडचा परतावा मागायला खेपा घालाव्या लागतात. एमएच नंबरचीच बघा. आणि जुन्या मालकाचा फास्टॅग काचेवरून काढून टाका, स्वतःच्या नावाचा नवा लावा.