घरातला सांबार, पुस्तकातली कोथिंबीर

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. घरी आम्ही वऱ्हाडी बोलतो. ती कोथिंबिरीला सांबार, बटाट्याला आलू, शेंगदाण्याला फल्ली म्हणते. पुढे शाळेत अडेल म्हणून घरातले शब्द बदलावेत का? शब्द वाढावेत म्हणून चित्रांचा तक्ता आणला, पण दोन दिवसांत ती कंटाळली.
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, घरातला एकही शब्द बदलू नका. सांबार हा शब्द तिच्याकडे वासासकट पक्का आहे. त्यालाच दुसरा जोडा : "हा आपला सांबार, पुस्तकात याला कोथिंबीर म्हणतात." एवढं पुरतं. "सांबार नाही, कोथिंबीर म्हण" असं सारखं टोकलं की मूल चुकायच्या भीतीनं बोलणंच आखडतं.

तक्त्यावर बहुतेक नावंच असतात. गाय, आंबा, घर हे तिला कधीचं येतं, मग कंटाळा येणारच. खरी भर क्रियांची आणि गुणांची घालायला हवी. तूर निवडायला बसाल तेव्हा मूठभर तिच्या ताटलीत द्या. सूप हातात घेतलं की हातासोबत तोंडही चालू ठेवा : "बघ, फोलपट पुढं उडालं, दाणा मागं राहिला. हा किडका, हा पोचट, हा टपोरा." मग विचारा, "तुझ्या ताटलीत पोचट किती निघाले?" निवडणं, पाखडणं, चाळणं, भरडणं, कांडणं यांत प्रत्येक वेळी हात वेगळा हलतो, म्हणून शब्दही वेगळा. मूल ते हाताकडे बघूनच शिकतं.

एका बैठकीत नवे शब्द तीन-चारच ठेवा आणि आठवडाभर तेच दुसरीकडे वापरा. आज पोचट दाणा, परवा पोचट शेंग. एकाच ठिकाणी ऐकलेला शब्द मूल त्या एका वस्तूलाच चिकटवून ठेवतं.

पिशवीचा खेळही करून बघा. कापडी पिशवीत पाच वस्तू घाला : चिंचोका, लसणाची पाकळी, भुईमुगाची शेंग, कापसाचं वाळलेलं बोंड, थोडी सरकी. तिनं न बघता चाचपून, नाव न घेता वर्णन करायचं, ओळखायचं तुम्ही. गुळगुळीत, खरखरीत, टोकदार, लवदार असे शब्द इथं आपसूक लागतात. ती अडखळली की मोठी माणसं लगेच शब्द पुरवतात आणि खेळ तिथंच संपतो. मनात पाचापर्यंत मोजा, मग मदत करा. सरकी घरच्या कापसाचीच घ्या. पाकिटातल्या बियाण्याला औषध लावलेलं असतं. घरात धाकटं भावंड असेल तर खेळ झाल्यावर चिंचोके उचलून ठेवा.

प्रश्न : आठ वर्षांच्या नातवासोबत रात्री शब्दांच्या भेंड्या खेळतो. शेवटी 'ळ' किंवा 'ण' आला की खेळ अडतो आणि तो रुसतो. काय करावं?
– एक आजोबा, वाशीम जिल्हा

उत्तर : आजोबा, या दोन अक्षरांनी सुरू होणारे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात नाहीत. तेव्हा आधीचं अक्षर घ्यायचं, असं सुरुवातीलाच ठरवा : 'बाभूळ'नंतर 'भ', 'निंदण'नंतर 'द'. शब्दासोबत एक वाक्यही मागा, नाहीतर मुलं ऐकीव शब्द अर्थाविना फेकतात. एखाद्या रात्री फक्त वावरातले शब्द चालतील : वखर, तिफण, डवरा, पऱ्हाटी, धुरा. 'धुरा' आला तर सकाळी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर न्या आणि तिथंच सांगा, की पुस्तकात 'घराची धुरा सांभाळली' असं लिहिलेलं सापडेल, ती धुरा वेगळी.