ट्रॅक्ट पाठ करू नकोस, पायापासून वर चढ

अगं, ट्रॅक्टची, म्हणजे मज्जारज्जूतून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या मार्गांची, नुसती नावं घोकू नकोस. मीही तेच केलं आणि तोंडी परीक्षेत गडबडले. त्यापेक्षा असं समज, खडपावर अनवाणी चालताना उजव्या तळव्यात कालवाची कपची घुसली. वेदनेचा तंतू मज्जारज्जूत शिरतो, तिथल्या दुसऱ्या पेशीला निरोप देतो, आणि तिचा तंतू जवळपास तिथल्या तिथेच डावीकडे ओलांडून वर जातो. गरम-थंडाचंही तसंच. पण पायाखाली वाळू की शेवाळ हा बारीक स्पर्श, कंपन, पाय नेमका कुठेय ही जाणीव, हे सगळं उजव्याच बाजूने मेडुलापर्यंत (मज्जारज्जूच्या लगेच वरचा मेंदूचा भाग) चढतं आणि तिथे बाजू बदलतं. पुढे हे दोन्ही मार्ग थॅलॅमसमधून (मेंदूच्या आतलं संवेदनांचं ठाणं) डाव्या मेंदूत.

आता माडावरून पडलेला पेशंट घे. कमरेच्या वर मज्जारज्जूची फक्त उजवी बाजू दुखावली, तर १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचं कंपन उजव्या पायाला कळत नाही, टाचणी मात्र डाव्या पायाला टोचत नाही! (ताकद उजव्याच पायाची जाते; तो उतरणारा मार्ग, नंतर बघ.)

तपासताना डोळे मिटायला सांग. आमच्याकडचे काका लोक टाचणी बघूनच "होय गो, लागता" म्हणतात.