मुलगा अग्निवीर ट्रेनिंगला गेल्यापासून बायको सारखी रडते, जेवत नाही. तिला कसं सावरावं? भेटायला जाता येतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरला जाऊन तीन आठवडे झाले, बायको ताटावरून उठून जाते, फोन लागत नाही, आणि शेवटी लिहिलंय, 'मी स्वतः ठीक आहे'. ते शेवटचं वाक्य वाचून मी लिहायला बसले. रात्री पावणेबाराला अनोळखी लोकांना असलं विचारणारा माणूस ठीक नसतो. पण ते नंतर.

आधी भेटायचं सांगते. जाता येत नाही. आमच्या ह्यांनी करून बघितलंय.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. हे कांदा-बटाटा मार्केटला माथाडी, मी मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिते. पोरगा गेल्यावर पाचव्या की सहाव्या आठवड्यात हे म्हणाले, मुकादमाच्या गावी वास्तुशांत आहे, एक रात्र जाऊन येतो. गेले, आले, दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर गाड्या खाली करायला हजर. मला काही कळलं नाही. दोन दिवसांनी रव्याचा डबा काढायला गेले तर त्याच्यामागं कुंद्याचा खोका. मुकादम पाटणचा. पाटणला जाऊन बेळगावचा कुंदा कोण आणतं? विचारलं तेव्हा सांगितलं. कळंबोलीला रात्रीची गाडी धरली, सकाळी बेळगावला कॅम्पात गेटसमोर जाऊन उभे राहिले. गेटवरचा जवान मराठीच होता. म्हणाला, काका, अशी भेट नसते, कसम परेडला या, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर पोरं शपथ घेतात तेव्हा. तरी हे समोरच्या टपरीवर दोन-तीन चहा घेत बसून राहिले. लांबून पोरांची एक तुकडी पळत गेली, मग दुसरी. सगळ्यांची डोकी सारखीच भादरलेली. "मला काय आपला ओळखू आला नाही," एवढंच बोलले आणि म्हणाले, कुंदा खा, खराब होईल.

तर जाऊ नका. ट्रेनिंग 31 आठवड्यांचं असतं, पहिले 10 बेसिकचे आणि पुढचे 21 ॲडव्हान्सचे. कसम परेडचं बोलावणं येतं तेव्हा सगळ्यांनी जा, आणि बेळगावला लॉज आधी बघून ठेवा, त्या दिवशी सगळ्या पोरांचे आईबाप तिथंच असतात.

आता रडण्याचं. त्यावर मला बोलायचंय.

माझं माहेर अपशिंग्याजवळचं. अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते, साताऱ्याचं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं गेली, त्यांचं स्मारक आहे गावात. आमच्या सगळ्या पट्ट्यात घरटी एकजण फौजेत. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले, 1988 साली. सुट्टी संपली की आई त्यांना उंबऱ्यापर्यंत सोडायची. एसटीपर्यंत जायची पद्धतच नव्हती. ते दिसेनासे झाले की आत येऊन चुलीपुढं बसायची आणि आम्हाला म्हणायची, जा रं, म्हशीला पाणी दावा. पत्राच्या पत्त्यावर गावाचं नाव नाही, फक्त 56 एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट. माणूस नेमका कुठं आहे, ते पत्त्यावरून कळायचं नाही. मी त्या घरात वाढले. मला चारचौघांत रडता येत नाही, तशी सवयच नाही.

आणि माझ्या वन्सं आहेत, ह्यांच्या थोरल्या बहीण, घणसोलीला सिम्प्लेक्समध्ये राहतात. त्यांना सिरियलमधल्या परक्या बाईचं पोर आजारी पडलं तरी रडू येतं. आमचा मुलगा त्यांनीच लहानाचा मोठा केला असं त्यांचं म्हणणं, आणि ते निम्मं खरं आहे. मी कामाला जायचे तेव्हा तो शाळेत जाईपर्यंत दिवसभर त्यांच्याकडंच असायचा. हे कबूल करते, पुढं कामाला येईल.

निघायच्या दिवशी कोपरखैरणे स्टेशनवर सोडायला आम्ही अकराजण. वन्संनी त्याला मिठी मारून जो हंबरडा फोडला, समोरच्या प्लॅटफॉर्मवरची माणसं वाकून बघायला लागली. मी त्याच्या सॅकची चेन तपासत होते. "ओरिजिनल वरच्या कप्प्यात आहेत, झेरॉक्स खालच्या, फोटो पाकिटात," असं सांगितलं. त्यानं पाया पडून गाडी धरली. गाडी हलली तशा वन्सं माझ्याकडं वळून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दगड आहेस गं तू." कोणी काही बोललं नाही. हेसुद्धा नाही. ते माझ्या डोक्यात बसलं.

फोन तिथं जमा करून घेतात. आमच्या वेळी रविवारी थोडा वेळ हातात मिळायचा. पहिल्या रविवारी आलाच नाही. दुसऱ्या रविवारी सकाळपासून ह्यांचा फोन टीव्हीसमोरच्या टेबलावर चार्जिंगला लावून ठेवलेला, कोणी हात लावायचा नाही. वन्सं अळूवड्या घेऊन आलेल्या. चार वाजून गेल्यावर रिंग वाजली. मी स्वयंपाकघरात, हे बाथरूममध्ये. वन्संनी उचलला. "बाळा" म्हणाल्या आणि सुरू झाल्या. मी हात पुसत धावत आले, फोन मागते, त्या देत नाहीत, पाठ फिरवून गॅलरीत गेल्या. पलीकडून त्याचा आवाज पार बसलेला, घोगरा. त्यांना वाटलं पोरगं रडतंय, म्हणून त्या आणखी मोठ्यानं. शेवटी फोन माझ्या कानाला लागला तेव्हा, "आई, ठेवतो, उस्ताद बोलावतायत." उस्ताद म्हणजे ट्रेनिंग देणारे. बास.

7 मिनिटं 12 सेकंद. मी नंतर फोनमध्ये बघितलं. त्यातली माझी असतील आठ सेकंद.

त्या दिवशी मी वन्संना जे बोलले ते इथं लिहीत नाही. अळूवड्या तशाच राहिल्या, संध्याकाळी शेजारी दिल्या. पुढचे तीन रविवार त्या आमच्याकडं फिरकल्या नाहीत. ह्यांनी दोघींमध्ये पडायचं टाळलं, म्हणजे ते नेहमीप्रमाणं पेपर घेऊन बसले.

तुमच्या उपयोगाचं एवढंच, की आवाज बसलेला असतो तो ओरडून. ड्रिलला पोरांना बेंबीच्या देठापासून ओरडायला लावतात, पहिले काही आठवडे घशातून शब्द फुटत नाही. तुमच्या बायकोनं तो आवाज ऐकला असेल तर तिला हे आजच सांगा, निम्मं रडणं त्याचंच असेल. पायाला बुटांचे फोड येतात, वजन उतरतं, चूक एकानं केली तरी सगळ्यांना रगडा लागतो, म्हणजे अंगमोड करणारी शिक्षा. लंगरात जेवण पोटभर असतं. माझ्या पोराला घरी मुगाची खिचडी बघून मळमळायचं, तिथं म्हणे मागून घ्यायचा.

मी तिसऱ्या रविवारपासून प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवायला लागले. जेवलास का, फोड सुकले का, औषध मिळालं का, पगार खात्यात पडला का, पासबुक कोणाकडं आहे. पहिल्या वर्षी 30 हजार, त्यातले 9 हजार सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेत, कापून 21 हजार हातात. तो आकडा पूर्ण पडतो की नाही हे बघायला नको? वन्संना हे कानावर गेलं तेव्हा त्या ह्यांना म्हणाल्या, "ही पोराशी बोलते का गाळ्यावरच्या गुजरातीशी?"

घरी रडणाऱ्या माणसाला सगळे पाणी देतात, पाठीवरून हात फिरवतात. न रडणारीला कोणी विचारत नाही, वर दगड म्हणतात. तो गेल्यावर दोन महिने मी रोज पहाटे साडेचारला जागी होत होते, कारण दीड वर्ष त्याला त्या वेळेला उठवून पळायला पाठवत होते. भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांत यायला पाहिजे होते ना, 60 मार्कांना. जाग यायची, मग मी ओट्याखालचे डबे काढून घासत बसायचे. घरातल्या एकाही माणसाला त्याचा पत्ता नाही. हे वन्संना कधी सांगितलं नाही. इथं लिहिते, त्या कशाला वाचतायत.

आणखी एक. येणाजाणारे विचारतील, "चार वर्षांनी काय?" तुम्हाला माहीत असेलच, 25 टक्क्यांपर्यंत पोरं पुढं ठेवतात, बाकीच्यांना व्याजासकट सुमारे 11 लाख 71 हजार सेवा निधी मिळतो. मला स्वतःला ही योजना आवडलेली नाही, माझ्या वडिलांना पेन्शन होती आणि त्यावर आमची तीन लग्नं झाली. पण हा विषय बायकोसमोर काढणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी पोरगा गेल्याच्या आठव्या दिवशी माझ्यापुढं आकडेमोड केली होती. त्यांचा स्वतःचा मुलगा चार वर्षं सीएच्या पहिल्या परीक्षेत अडकलाय, ते मी काढलं नाही. काढायला हवं होतं.

बायकोला 'रडू नको' म्हणू नका. पण फोन तिच्या हातात पहिला द्या, आणि तुमची आई, बहीण, वहिनी जी कोण असेल तिला रविवारी दुपारी दुसरीकडं जेवायला पाठवा. हे मी अनुभवानं सांगतेय. तिला कामाला लावा. आणि फराळाचे डबे पाठवायच्या मागं लागू नका. मी एका ओळखीच्याबरोबर बेसनाचे लाडू पाठवले होते, 60. पोराला किती मिळाले विचारलं तर म्हणाला, "वास मिळाला."

एक राहिलं, हे आधी लिहायला हवं होतं. ती खरोखरच दिवस दिवस जेवत नसेल, झोप उडाली असेल, तर घरगुती शहाणपणावर थांबू नका, डॉक्टरला दाखवा. माझ्यासारखीचं ऐकून 'होईल सवय' म्हणत बसू नका. आणि आमच्या वेळचं फोनचं जे सांगितलं ते तसंच तुमच्याकडं असेल असं नाही, तिथल्या तुकडीप्रमाणं बदलतं म्हणतात.

आणि तुम्ही. कुंद्याचा खोका लपवायच्या आत बायकोला सांगा की तुम्हालाही करमत नाही. आमच्या ह्यांनी ते आजपर्यंत सांगितलेलं नाही, खोक्यानंच सांगितलं.

कसम परेडला आम्ही सगळे गेलो, वन्संसुद्धा. तिथं त्या रडल्या नाहीत, नवी चप्पल चावत होती आणि ऊन मी म्हणत होतं. ह्यांनी यावेळी पोराला लांबूनच ओळखला, चौथ्या ओळीत. मला दिसला नाही, मी भलत्याच मुलाकडं बघून टाळ्या वाजवत होते.

नंतर तो सुट्टीवर घरी आला. एका रात्री भाकरी थापताना मी सहज त्याला तो फोनचा किस्सा सांगायला लागले, की तुझ्या आत्यानं तेव्हा कसं माझं बोलणं बुडवलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "आई, त्या दिवशी सकाळी रगडा लागला होता. मला कोणाशी बोलायचंच नव्हतं. आत्या रडत होती ते बरं वाटत होतं, मला काही बोलायला लागत नव्हतं." मग जरा वेळानं, "तू पुढच्या वेळी पासबुकाचं विचारलंस."

"मग काय विचारायचं होतं?"

"नाही, ते पण बरोबर होतं," म्हणाला आणि भाकरीचा पापुद्रा सोडवत बसला.

मी अजून म्हणते की फोन आईलाच पहिला जायला हवा होता. त्यात बदल नाही. पण आता तो पोस्टिंगवर आहे, फोन त्याचा त्याच्याजवळ असतो, आणि रविवारी पहिला फोन घणसोलीला जातो. मला कळतं, कारण पाच मिनिटांत वन्संचा मला येतो, "तुला केला का गं त्यानं? कर म्हणून सांगितलंय मी."