जुन्या रँचवरचा ओढा: सुरुवात कुठून करावी

ओढा पुन्हा जिवंत करायला जुन्या रँचची (गुरं चारायच्या मोठ्या कुरणाची) जमीन घेतलीत, फार छान केलंत! पण लगेच झाडं लावू नका. आधी ओढ्याकाठची चराई थांबवा, बाकी सगळं त्यानंतर. ॲरिझोनात सॅन पेद्रो नदीकाठावरून १९८७ च्या अखेरीस गुरं हलवली; काही वर्षांतच काठ दाट हिरवा झाला, पक्षीही वाढले.

मग कुंपण. नको ती काटेरी तार काढून टाका. ठेवायचीच असेल तर सर्वांत खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून किमान १६ इंच वर. प्रॉन्गहॉर्न (तिथला हरणासारखा रानप्राणी) सहसा उडी मारत नाही, खालून जातो.

नवखे इथे चुकतात:
- पात्रात पडलेली लाकडं उचलतात. राहू द्या, त्यांनीच पाणी थबकतं.
- विलोच्या (ओल्या काठावर वाढणारं झाड) काड्या उथळ खोचतात. पानगळीनंतर कापा, ओल लागेपर्यंत खोल घाला.

बीव्हरचं (ओढ्यावर बांध घालणारा प्राणी) पुढे बोलू.