पाऱ्याचा तारा अभ्यासायचाय, मग केमिस्ट्री की फिजिक्स?

प्रश्न : माझी दहावी झाली. देवयानी तारकासमूहातल्या अल्फेरॅट्झ ताऱ्याच्या पृष्ठभागावर भरपूर पारा आहे, असं वाचलं. असे तारे अभ्यासायचे तर केमिस्ट्री महत्त्वाची ना? मग गणित सोडून बायोलॉजी घेतलं तर चालेल? बाबा इंजिनिअरिंगच म्हणतात. – एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : गणित सोडू नकोस. बाकीचे निर्णय पुढे बदलता येतात, हा निर्णय बदलणं फार जड जातं.

तुझ्या ताऱ्याचंच बघ. शेजारच्या महाश्व (पेगासस) तारकासमूहातल्या ताऱ्यांबरोबर जो मोठा चौकोन दिसतो, त्याचा हा एक कोपरा, आपल्या उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातला. त्याच्या वातावरणात सूर्याच्या मानाने पारा हजारो पट जास्त दिसतो. पण हा पारा तिथे तयार झालेला नाही, आणि अख्खा तारा काही पाऱ्याचा नाही. सूर्याचे वरचे थर सतत ढवळले जातात. या तप्त ताऱ्याचे मात्र शांत असतात. अशा शांत थरांत गुरुत्वाकर्षण प्रत्येक अणूला खाली ओढतं आणि आतून येणारा प्रकाश त्याला वर ढकलतो. पारा, मँगनीज यांचे अणू तो प्रकाश भरपूर शोषतात, म्हणून वर साचतात. हेलियम खाली बसतो. १९७० मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज मिशो यांनी ही उपपत्ती मांडली. पुढे २००७ मध्ये, सात वर्षांच्या निरीक्षणांवरून, याच ताऱ्यावरचे पाऱ्याचे डाग हळूहळू बदलतात हेही कळलं. मला ते अजूनही विलक्षण वाटतं!

यात रासायनिक अभिक्रिया कुठेच नाही. आहे ते अणू आणि प्रकाशाचं भौतिकशास्त्र, आणि ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या (रंगपट्ट्यातल्या) रेषांवरून मूलद्रव्याचं प्रमाण काढण्याचं गणित. म्हणून फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घे. बायोलॉजी आवडत असेल तर चौथा विषय म्हणून जरूर ठेव. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत चारही विषय असतात. तिथे नाही जमलं तर बीएस्सी फिजिक्स कर, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, आणि जेस्ट या प्रवेश परीक्षेतून पीएचडी. पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र तुला जवळच आहे. नैनितालच्या एरीज या खगोलसंशोधन संस्थेने तर दक्षिण आफ्रिकेतल्या वेधशाळेबरोबर अशाच विचित्र ताऱ्यांमधली स्पंदनं (तेजाचे लयबद्ध चढउतार) शोधण्याचा मोठा प्रकल्प केला आहे.

बाबांची काळजी रास्त आहे. पीएचडीत पाच-सहा वर्षं जातात आणि कायमच्या जागा मोजक्याच निघतात. पण दुर्बिणीला जोडायचे वर्णपटमापक इंजिनिअरच घडवतात, आणि हे विषय घेतले की इंजिनिअरिंगची वाटही मोकळीच राहते. तेव्हा घरातला हा वाद बारावीपर्यंत बाजूला ठेवा. पायथन ही संगणकाची भाषा मात्र याच सुट्टीत शिकायला घे.