तक्त्यातल्या रिकाम्या रांगा

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा तक्ता, दोन्ही निवांत पाहिले. मॅकलारेन एफ१, म्हणजे मॅकलारेन कंपनीची नव्वदच्या दशकातली रस्त्यावरची वेगवान मोटार (फॉर्म्युला वनची शर्यतगाडी नव्हे); तिच्यातल्या कुठल्या गाडीला कोणत्या लिलावात किती भाव आला, हे तू वर्षवार मांडलं आहेस आणि आता पुढे काय करू, असं विचारते आहेस. काम स्वच्छ आहे. तरी माझं ऐकशील तर हा तक्ता वर्षभर बाजूला ठेव.

कारण सांगतो. तुझ्या तक्त्यात ०१आर ही गाडी नाही. १९९५ साली फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी तीच. एक्सपी५ ही कंपनीची चाचणीची गाडीसुद्धा नाही. ३१ मार्च १९९८ ला जर्मनीत एरा-लेसिनच्या चाचणीमार्गावर अँडी वॉलेसने दोन्ही दिशांच्या सरासरीने ताशी ३८६ किलोमीटर वेग गाठला तो याच गाडीत. या दोन्ही गाड्या मॅकलारेनने स्वतःकडेच ठेवल्या, त्यामुळे त्यांच्यावर कधी बोली लागली नाही. एक्सपी१ तर १९९३ मध्ये नामिबियात उष्ण हवामानाच्या चाचणीत अपघात होऊन जळून गेली. चालवणारा माणूस त्यातून सुखरूप बाहेर आला. कार्बन फायबरचा सांगाडा असलेली रस्त्यावरची ही पहिली गाडी, तेव्हा हा सांगाडा माणसाला वाचवतो याचा तो मोठा पुरावा होता. एफ१ चा इतिहास ज्या तीन गाड्यांशिवाय सांगताच येत नाही, त्या तिन्ही भावांच्या तक्त्यात मावत नाहीत. म्हणून भावापासून सुरुवात करू नकोस. चॅसी नंबरापासून, म्हणजे ०१आर, ०१८ अशा प्रत्येक गाडीच्या सांगाड्याला दिलेल्या स्वतंत्र क्रमांकापासून कर.

एकूण गाड्या १०६. एक्सपी नावाची पाच प्रोटोटाइप (चाचणीसाठी बनवलेले नमुने), रस्त्यासाठी विकलेल्या ६४, शर्यतीच्या जीटीआर २८ (१९९५ च्या ९, १९९६ च्या ९ आणि १९९७ च्या लांब शेपटीच्या १०), पाच एलएम (ल मान्सच्या आठवणीखातर बनलेल्या) आणि त्यांचं एक प्रोटोटाइप, दोन जीटी (लांब शेपटीच्या जीटीआरवर बेतलेल्या, रस्त्यासाठीच्या) आणि त्यांचं एक प्रोटोटाइप. मूळ बेत ३०० गाड्यांचा होता. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मंदी होती, गाडीची किंमत करांशिवायच सुमारे ५ लाख ४० हजार पौंड होती, आणि गिऱ्हाईक मिळेना. आज दुर्मीळ म्हणून जिचं कौतुक होतं ती दुर्मीळ झाली ती खपली नाही म्हणून. हे विसरून लिहिलेले लेख तुला ढिगाने सापडतील.

प्रत्येक चॅसी नंबराचं स्वतंत्र पान कर. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो आणि त्यावर फेरफार चढत जातात, तसं ते पान हवं. मालक बदलला, रंग बदलला, आतलं कातडं बदललं, अपघात झाला, दुरुस्ती झाली; सगळं तारखेसह, जुनी नोंद न खोडता. एफ१ च्या बाबतीत याला फार महत्त्व आहे, कारण ही गाडी एका रूपात राहिलेलीच नाही. ०१८ आणि ०७३ या रस्त्यावरच्या गाड्या नंतर मॅकलारेननेच एलएमच्या तोडीच्या करून दिल्या. शर्यतीतून निवृत्त झालेल्या कित्येक जीटीआर पुढे रस्त्यासाठी बदलून घेतल्या गेल्या. अमेरिकेत अमेरिटेक नावाच्या कंपनीने सात गाड्या तिथल्या नियमांत बसवल्या, त्यासाठी त्यांची बाजूची आसनंही काढावी लागली होती. पुढे त्यातल्या गाड्या पुन्हा मूळ रूपात आणल्या गेल्या. यातलं खरं रूप कोणतं, असा वाद घालत बसू नकोस. ज्या वर्षी जे होतं ते त्या वर्षाच्या ओळीत लिही.

शर्यतीच्या गाड्यांत नवखी माणसं एका ठिकाणी हमखास फसतात. दारावरचा आकडा हा त्या शर्यतीपुरता असतो. ल मान्सला ५९ नंबर लावून धावली ती ०१आर. तोच ५९ दुसऱ्या शर्यतीत दुसऱ्याच गाडीवर असू शकतो. रंगाचंही तसंच. आज एखादी जीटीआर प्रायोजकाच्या प्रसिद्ध रंगात दिसली, म्हणजे ती त्या रंगात धावली होती असं नाही. नंतरच्या मालकाने हौसेने तसा रंग दिलेला असू शकतो. छायाचित्र घेताना तारीख, सर्किट आणि गाडीच्या अंगावरच्या खुणा बघ. आरसे, पुढचं नाक, मागचा पंख, चाकं. पुण्यात बसून हे काम होईल का, ही शंका तू काढली आहेस. होईल. यातलं बहुतेक काम नजरेचं आणि चिकाटीचं आहे, गाडीशेजारी उभं राहण्याचं फार थोडं.

आता ल मान्सबद्दल थोडं सविस्तर, कारण तुझ्या मेलमध्ये त्यावर एकच ओळ आहे आणि मला ती रुखरुख लागली.

ही गाडी शर्यतीसाठी बनलीच नव्हती. तिचा रचनाकार गॉर्डन मरे याला जगातली सगळ्यात चांगली रस्त्यावरची गाडी करायची होती. चालक मध्यभागी, दोन्ही बाजूंना किंचित मागे एकेक प्रवासी; वजन जेमतेम ११४० किलोच्या आसपास; पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. बीएमडब्ल्यूच्या पाउल रोशेने ६.१ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन दिलं, ६२७ अश्वशक्तीचं, आणि त्याची उष्णता परतवायला इंजिनाच्या खणात सोन्याचा वर्ख लावलेला होता. रे बेल्म आणि टॉमस ब्शर या दोन हौशी चालकांनी आग्रह धरला म्हणून मरे शर्यतीच्या आवृत्तीला तयार झाला. आणि नियमांमुळे इंजिनात जाणारी हवा आवळावी लागल्याने शर्यतीच्या गाडीची ताकद रस्त्यावरच्या गाडीहून कमीच राहिली! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापताना काही चुकलं असावं असं वाटलं होतं.

जून १९९५ मध्ये सात मॅकलारेन ल मान्सला उभ्या राहिल्या. समोर खास शर्यतीसाठी बांधलेली प्रोटोटाइप होती, कागदावर यांच्याहून वेगवान. मॅकलारेनचा गिअरबॉक्स आणि क्लच चोवीस तास टिकेल की नाही याची धास्ती त्यांच्या सगळ्याच संघांना होती. मग पाऊस आला, आणि शर्यतीचा बहुतेक वेळ तो पडतच राहिला. ओल्या रस्त्यावर प्रोटोटाइपची आघाडी गळाली आणि चाकांवर जोर कमी पडल्याने मॅकलारेनच्या गिअरबॉक्सवरचा ताणही हलका झाला. रात्रीच्या पावसात जे. जे. लेहतोने ०१आर ज्या वेगाने हाकली, त्याचं चित्रण मिळालं तर शांतपणे बघ. मागची चाकं घसरताहेत आणि तो आधीच उलट स्टिअरिंग देऊन बसलेला आहे. माझ्या मते एफ१ बद्दल जे काही समजून घ्यायचं ते त्या काही तासांत आहे. बरोबर यानिक दालमास आणि मासानोरी सेकिया होते. सेकिया ल मान्स जिंकणारा पहिला जपानी चालक ठरला.

आणि ही ०१आर मुळात कंपनीची चाचणी गाडी! टोकियोच्या उएनो क्लिनिकचं प्रायोजकत्व आलं, लांझांटे यांच्या छोट्या संघाने ती चालवली आणि २९८ फेऱ्या करून ती पहिली आली. अमेरिकन चालक मारिओ आंद्रेत्ती ज्या कुराज या फ्रेंच बनावटीच्या गाडीत होता ती जेमतेम एका फेरीने मागे राहून दुसरी. तिसरी, चौथी, पाचवी पुन्हा मॅकलारेन. तिसऱ्या क्रमांकाच्या, लंडनच्या हॅरॉड्स दुकानाच्या नावाने धावणाऱ्या पिवळ्या-हिरव्या गाडीने बराच काळ आघाडी टिकवली होती, शेवटच्या काही तासांत तिच्या क्लच-गिअरबॉक्सने दगा दिला. त्यात डेरेक बेल आणि त्याचा मुलगा जस्टिन एकत्र होते, सोबत अँडी वॉलेस. वेगाच्या विक्रमाचा तोच. तेराव्या आलेल्या मॅकलारेनमध्ये एर्वे पुलँ होता. तो पॅरिसमधला लिलाव पुकारणारा आणि बीएमडब्ल्यूच्या गाड्या चित्रकारांकडून रंगवून घेण्याची प्रथा सुरू करणारा. शेवटपर्यंत पोचलेल्या पाच गाड्यांच्या स्मरणार्थ पुढे पाच एलएम बनल्या. आता सांग, एलएमचा भाव लिहिताना या चोवीस तासांचं काहीच न लिहिता तो कुणाला कळणार आहे?

नोंदीपुढे ती कुठून आली हे लिहायची सवय लाव. स्वतः पाहिलेलं, त्या काळी छापलेलं आणि कुणी सांगितलेलं, हे तीन प्रकार वेगळे ठेव. लिलावाचा कॅटलॉग उपयोगी असतो, त्यात पावत्या आणि सर्व्हिसचे तपशील येतात. पण तो विकण्यासाठी लिहिलेला असतो हे ध्यानात ठेव. गाडी दोन कोटी डॉलरच्या घरात गेली की तिच्या भोवतीच्या प्रत्येकाला तिची गोष्ट जरा अधिक गुळगुळीत हवी असते. मालकाला, दलालाला, दुरुस्ती करणाऱ्यालाही. तुला त्यात काही विकायचं नाही. म्हणून तुझ्या वहीला किंमत येईल, आणि ती टिकवायची असेल तर कुणाच्या उपकारात राहू नकोस. गाडी बघायला बोलावलं तर जरूर जा, पण अपघाताची नोंद गाळायची अट असेल तर नम्रपणे नकार दे.

वर्षभराने तक्ता काढशील तेव्हा त्यात थोडी भर घालायला हवी. २००८ मध्ये लंडनला ०६५ ला २५ लाख ३० हजार पौंड आले. २०१५ मध्ये ०७३ ला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर, २०१९ मध्ये ०१८ ला १ कोटी ९८ लाख ५ हजार, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत पेबल बीचला ०२९ ला २ कोटी ४ लाख ६५ हजार. हे आकडे तू बरोबर घेतलेस. पण यात खरेदीदाराचं कमिशन धरलेलं आहे, हातोडी पडली ती रक्कम याहून कमी होती. पौंड आणि डॉलर एका स्तंभात मिसळू नकोस. गाडीचं मीटर मैलांचं की किलोमीटरचं, हेही प्रत्येक ठिकाणी लिही. या एका घोटाळ्याने कित्येक गाड्यांची 'कमी चाललेली' अशी ख्याती उगाच झालेली आहे.

०२९ विकली गेली तेव्हा ती चारशे किलोमीटरही धावलेली नव्हती. विक्रम झाला, टाळ्या पडल्या. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं. याउलट 'मिस्टर बीन' साकारणारा नट रोवन अॅटकिन्सन याची गाडी घे. १९९७ मध्ये घेतली, ४१ हजार मैल चालवली, दोनदा अपघात झाले. २०११ च्या अपघातानंतर विमा कंपनीने दुरुस्तीला नऊ लाख पौंडांहून अधिक मोजले, आणि तरी २०१५ मध्ये ती सुमारे ८० लाख पौंडांना गेल्याच्या बातम्या आल्या. ज्याची नोंद नीट आहे असा अपघात गाडीला मारत नाही. लपवलेला मारतो. या गाडीची इंधनटाकी ठरावीक वर्षांनी बदलावीच लागते आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. तेव्हा न चालवता ठेवली तरी खर्च सुटत नाहीच.

आणखी एक. प्रसिद्ध माणसाने स्वतः जाहीर सांगितलं असेल तेवढंच मालकाबद्दल लिही. गाडी कुठल्या गावात, कुठल्या गॅरेजात उभी आहे हे कळलं तरी तुझ्याजवळच ठेव.

सुरुवात जीटीआरपासून कर, कारण शर्यतींचे निकाल छापील आहेत आणि ताडून बघता येतात. ०१आर सगळ्यांनी लिहिली आहे, ती नको. ०६आर घे, हॅरॉड्सची. १९९५ च्या हंगामात ती कुठे कुठे धावली, कुणी चालवली, कितवी आली, एवढंच पहिल्या पानावर हवं. पान झालं की पाठव, मी माझ्या नोंदींशी लावून बघतो आणि जिथे फरक पडेल तिथे आपण दोघं मिळून जुनी छायाचित्रं काढू.

तुझा,
काका